माटोळीचा बाजार आणि चीनचा भाव

२०२५ च्या चवथीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, संध्याकाळी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं सामान आणायला गेलो होतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: गणपतीच्या वर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतो, ती माटोळी. कवंडळं, तोरिंगणं, आंबाडे, चिबूड, कांगण्या, सुपारीचं शिपटं, नारळांची पेड. वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, अशी फळं त्या दोन दिवसांत ऐटीत विकली जातात.

शेजाऱ्याने सकाळी अकराला कांगण्यांची एक जुडी १०० रुपयांना आणली होती. मी मुद्दाम साडेसातला गेलो. पावसाची भुरभुर चालू होती, पेट्रोमॅक्सच्या जागी आता चार्जिंगचे दिवे आलेत, बाकी सगळं तेच. सत्तरी तालुक्यातल्या कुठल्याशा गावाहून आलेली एक बाई टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिने १०० ला तीन जुड्या दिल्या आणि मी मागितली नव्हती तरी वर दोन कवंडळं पिशवीत टाकली. "व्हर रे बाबा, परतीं खंय व्हरूं?" (घेऊन जा रे बाबा, परत कुठे नेऊ?) खरंच आहे. दुसऱ्या दिवशी गणपती पाटावर बसला की त्या कवंडळाची किंमत शून्य. शून्याहूनही खाली, कारण टोपली डोक्यावर घेऊन शेवटची बस पकडायची तिलाच.

सोबत पुतण्या होता. वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. पिशव्या धरायला म्हणून आलेला, पण एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात मोबाइल. "काका, आज साडेआठशे पडला." सेन्सेक्स. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेत जाणाऱ्या भारतीय मालावरचं शुल्क २५ वरून ५० टक्के होणार होतं. रशियाचं तेल घेतल्याबद्दल वरचे २५. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ, म्हणजे आम्ही चवथीच्या पूजेला बसलेलो असताना ते लागू झालं. त्याचा कारखाना जेनेरिक गोळ्या करतो आणि त्या गोळ्या या शुल्कातून वगळल्या होत्या. पण "अजून तरी" हे दोन शब्द तो बाजारात तीनदा बोलला. चवथीला शेअर बाजार बंद. आमचा गणपती दीड दिवसाचा. पंचमीला आम्ही विसर्जनाच्या गडबडीत होतो, तेव्हा बाजार आणखी ७०० अंकांनी उतरला.

"काका, घाबरायचं की नाही ते एकदा सांगा," तो म्हणाला. तेव्हा मी मोदकाचं ताट पुढे करून विषय टाळला. आता व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, झाली, पाऊस गेला, वेळ आहे. म्हणून लिहितोय.

आधी त्या टोपलीवाल्या बाईचं संपवतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा भाव पिंपाला उणे ३७ डॉलर ६३ सेंट झाला होता, आठवतं? तेल घ्या आणि वर पैसेही घ्या. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "मग आपला पेट्रोल पंप कधी पैसे देणार" असे विनोद फिरत होते. झालं होतं एवढंच की मे महिन्याच्या करारांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. ज्याच्या हातात करार उरेल त्याला ओक्लाहोमातल्या कुशिंग नावाच्या गावी तेलाची पिंपं ताब्यात घ्यावी लागणार होती, आणि टाळेबंदीमुळे तिथल्या टाक्या भरत आलेल्या. तेल कोणाला नको होतं अशातला भाग नाही. त्या संध्याकाळी ते ठेवायला जागा नव्हती. आमच्या बाईने मला कवंडळं फुकट दिली, त्यांनी वर ३७ डॉलर दिले. फरक तेवढाच. जून महिन्याचं तेल त्याच दिवशी वीस डॉलरच्या आसपास विकलं जात होतं.

मी अर्थतज्ज्ञ नाही. बी.कॉम. आहे आणि १९९४ ते २०१८ लोहखनिजाच्या एका खाण कंपनीत काढली. पहिली चार वर्षं काट्यावर, म्हणजे ट्रकांचं वजन करून चिठ्ठी फाडणे, आणि नंतर हिशेब खात्यात. जगाचा बाजार मी टीव्हीवर नाही, इन्व्हॉइसवर शिकलो.

आमचा माल सांखळी-डिचोलीच्या खाणींतून टिपरने (ट्रकने) आमोण्याला किंवा सारमानसच्या जेटीवर जायचा. तिथून बार्ज (सपाट मालवाहू होड्या) मांडवी नदीतून मुरगाव बंदरात, आणि तिथून जहाज चीनला. पावसात मांडवीचं तोंड बंद झालं की बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरायच्या. जहाज सुटलं की आम्ही प्रोव्हिजनल इन्व्हॉइस, म्हणजे कच्चं बिल, काढायचो: इतके टन, इतके टक्के लोह, इतकी ओल, इतके डॉलर. बहुतेक रक्कम तेव्हाच मिळायची. मग जहाज पंधरा-वीस दिवसांनी चिंगडाओला लागायचं, तिथे पुन्हा नमुना घेतला जायचा आणि फायनल इन्व्हॉइस त्यावर ठरायचं. ओल ८ टक्के निघाली तर १०० टनांतले ८ टन पाणी, त्याचे पैसे नाहीत. लोह करारापेक्षा कमी निघालं तर कपात, ॲल्युमिना जास्त निघालं तर दंड. आमचे जुने मॅनेजर म्हणायचे, प्रोव्हिजनल बघून पार्टी देऊ नये. फायनलमध्ये पार्टीचे पैसे परत जातात.

हे सांगायचं कारण, लोक 'जागतिक अर्थव्यवस्थेचा अंदाज' वाचून घाबरतात किंवा खूश होतात, तेव्हा मला ते प्रोव्हिजनल इन्व्हॉइस आठवतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी वर्षातून चार वेळा आकडे काढतो: एप्रिल आणि ऑक्टोबरात सविस्तर, जानेवारी आणि जुलैत दुरुस्ती. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी सांगितलं, यंदा जग ३.३ टक्क्यांनी वाढेल. एप्रिलमध्ये तोच आकडा उणे ३ झाला. चूक कोणाचीच नाही; जानेवारीच्या नमुन्यात विषाणू नव्हता. २०२५ चं बघा. जानेवारीत ३.३, अमेरिकेने सगळ्या जगावर शुल्क जाहीर केल्यावर एप्रिलमध्ये २.८, जुलैत ३, ऑक्टोबरात ३.२. म्हणजे दहा महिने जगाने छाती बडवून घेतली आणि आकडा जवळपास होता तिथे आला. मी तो आकडा वाचतच नाही. मागच्या खेपेपेक्षा किती हलला आणि का हलला म्हणतात, तेवढा परिच्छेद वाचतो. फायनल इन्व्हॉइसमध्येही आम्ही एकूण रकमेआधी कपातीचा रकाना बघायचो.

एका आकड्यावर मात्र माझा जीव आहे: बाल्टिक. सुकी मालवाहू जहाजं भाड्याने घ्यायला काय पडतं त्याचा हा निर्देशांक. शेअर कोणीही हौसेने घेतो. जहाज हौसेने कोणी भाड्याने घेत नाही. २० मे २००८ ला बाल्टिक ११,७९३ वर होता, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर. आमच्या ऑफिसात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याच्या परड्यात लाल माती तो खाणमालक. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि डिसेंबरच्या ५ तारखेला बाल्टिक ६६३. शून्य विसरलेलो नाही, सहाशे त्रेसष्ट. ९४ टक्के उतार. त्या ऑक्टोबरात चीनचे खरेदीदार एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी, उघडत नव्हते, केलेल्या कराराचा भाव कमी करा म्हणून फॅक्स येत होते. न्यूयॉर्कमधली बँक पडली की आमोण्याच्या जेटीवर बार्ज रिकामी का उभी राहते, हे मला तेव्हा कळलं. एका बँकेचा दुसऱ्या बँकेच्या सहीवर विश्वास उडाला की एलसी निघत नाही. एलसी नाही तर जहाज नाही. जहाज नाही तर ट्रिप नाही. सांखळीच्या पेट्रोल पंपावरच्या पोराला याची बातमी टीव्हीच्या आधी लागते.

आता माझ्या भावाच्या ट्रकांकडे येतो.

माझा धाकटा भाऊ हुशार. २०१० मध्ये लोहखनिजाची किंमत ठरवायची जुनी पद्धत मोडली. त्याआधी चाळीसेक वर्षं जपानचे पोलाद कारखाने आणि ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या मोठ्या खाणी वर्षातून एकदा बसून भाव ठरवायच्या आणि सगळं जग तो पाळायचं. २०१० पासून भाव रोजचा झाला. २०११ च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलर. भावाने कर्ज काढून दोन टिपर घेतले. रोज रात्री मला फोन: "चिनाचो भाव कितें?" (चीनमध्ये लोहखनिजाचा भाव किती?) मी ऑफिसातून आकडा आणायचो आणि तो वहीत लिहायचा. त्याची वही माझ्या लेजरपेक्षा नीट होती. १४० च्या खाली गेला तर एक गाडी विकायची, १०० ला दुसरी, असं त्याने पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. आजकाल ज्याला स्टॉपलॉस म्हणतात तो त्याने न शिकता लावला होता.

२०११ च्या डिसेंबरअखेर केंद्राने निर्यात शुल्क ३० टक्के केलं तेव्हाही तो डगमगला नाही. हिशेब केला, बसतंय म्हणाला. २०१२ च्या पावसात नेहमीप्रमाणे गाड्या उभ्या होत्या. त्याने रंग काढला, टायर बदलले, मागे गणपतीचं चित्र काढून घेतलं. दसऱ्याला पूजा करून गाड्या लायनीला लावायच्या. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. १९ ला चवथ होती. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि सगळंच बंद.

त्या वर्षीची माटोळी मला अजून आठवते, कारण बांधताना कोणी बोलतच नव्हतं. गाड्या अंगणाबाहेर नव्या रंगात उभ्या.

न्यायालय चुकलं असं मी म्हणत नाही. काट्यावर चार वर्षं काढलेल्या माणसाने तसं म्हणू नये. किती माल कुठून येत होता आणि आमच्याच पाण्याच्या झऱ्यांची काय दशा झाली होती, ते मी पाहिलंय. मुद्दा वेगळा आहे. भाऊ दोन वर्षं चीनकडे डोळे लावून बसला होता आणि दार दिल्लीहून बंद झालं. वहीत भाव होता, वाट नव्हती.

पुढची गंमत ऐका. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. परवाने, मंजुऱ्या होईपर्यंत २०१५ उजाडलं आणि त्या डिसेंबरात चीनचा भाव ४० डॉलरच्याही खाली. वाट उघडली तेव्हा भाव नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद, त्यात माझाही हिशेब झाला. आणि मे २०२१ मध्ये, आम्ही कोविडमध्ये ऑक्सिजनच्या खाटा शोधत होतो तेव्हा, भाव २३० डॉलरच्या वर. भाव आला तेव्हा वाट नव्हती आणि गाडीही नव्हती. एक टिपर कर्नाटकात मिळेल त्या किमतीला गेला होता. दुसरा फणसाखाली गंजला आणि २०१९ मध्ये भंगारात निघाला. भंगारवाला गाडी काट्यावर घेऊन गेला, मी सोबत गेलो. वजन केलं, चिठ्ठी फाडली, लोखंडाच्या भावाने पैसे दिले. ज्या गाडीने आयुष्यभर लोखंडाची माती वाहिली, ती शेवटी लोखंड म्हणून किलोवर गेली. भंगाराचा तो भावही कुठल्यातरी परक्या बंदरातच ठरलेला असणार.

तर पुतण्याला माझं सांगणं हे की बाजाराचे जाणकार भाव सांगतात. चढेल, पडेल, इतके टक्के. आमच्या घराला ज्या ज्या वेळी फटका बसला तो बाजारभावाने नाही, वाट अडल्याने. माल आहे, गिऱ्हाईक आहे, मध्ये जेटी बंद. आपला पैसा कुठल्या वाटेने येतो आणि त्या वाटेवरचं फाटक कोणाच्या हातात आहे, हे आधी बघ.

यात आमची आजी सर्वांत पुढे होती, नाइलाजाने.

पोर्तुगीज काळात तिने चार पाटल्या आणि एक मोहनमाळ पणजीच्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनोत गहाण ठेवली होती. आजोबांच्या आजारपणासाठी, असं बाबा सांगायचे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याआधीच बँकेने गहाणाचं सोनं जहाजाने लिस्बनला पाठवलं होतं. आजीच्या हातात उरली पावती. तिने ती पावती देव्हाऱ्यातल्या पेटीत ठेवली आणि दर दिवाळीला काढून पुसायची. लोक हसायचे. ती १९८३ मध्ये गेली. सोनं परत आलं १९९१ मध्ये, तीस वर्षांनी. बाबा पावती घेऊन गेले आणि पाटल्या घेऊन आले. पिशवीवर पोर्तुगीज अक्षरं होती.

१९६१ मध्ये सोनं तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला धरून चालू, सव्वाशेच्या आत होतं. १९९१ मध्ये साडेतीन हजारांच्या घरात. मी तेव्हा कॉलेजात होतो, चक्रवाढ नुकतंच शिकलेलो, हिशेब केला: वर्षाला सुमारे १२ टक्के. आमच्या घराण्यातली सर्वांत यशस्वी दीर्घकालीन गुंतवणूक पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने केली, असं मी तेव्हापासून म्हणतो. आमच्या हातात असतं तर ते १९६५ मध्येच आत्याच्या लग्नात गेलं असतं.

आणि वर्ष बघा, १९९१. त्याच वर्षी जुलैमध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवलं. देशाकडे आयातीला जेमतेम काही आठवड्यांचे डॉलर उरले होते, म्हणून तारण. आमच्या पाटल्या लिस्बनहून घरी येत होत्या आणि देशाच्या पाटल्या लंडनला चालल्या होत्या. बाबा शाळामास्तर, त्यांना बाजाराशी देणंघेणं नव्हतं, पण पेपर वाचून एवढंच म्हणाले, "पावती जपून ठेवा म्हणावं."

२०२५ मध्ये सोन्याचा भाव बघून सगळे चक्रावले. ऑक्टोबरात औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, आपल्याकडे दहा ग्रॅम सव्वा लाखाच्या वर. मग दिवाळीच्या दिवसांत, २१ ऑक्टोबरला, एकाच दिवसात पाच टक्क्यांहून जास्त आपटलं. कारणं बरीच सांगत होते: व्याजदर उतरतायत, अमेरिकेचं कर्ज ३७ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलंय, लोक घाबरलेत. सगळं खरं असेल. मला पटलेलं कारण आजीच्या पेटीतलं आहे. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर पाश्चात्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. चोरली नाही. नुसती अडवली. पावती रशियाकडे, पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत. त्यानंतर २०२२, २३, २४ अशी सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दर वर्षी हजार टनांवर सोनं घेतलं. आणि आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ मध्ये लंडनला ठेवलेलं १०० टन सोनं उचलून घरी आणलं. ती बातमी आली तेव्हा मी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, तुझ्या आजीने सांगितलं असतं तर त्यांना इतकी वर्षं लागली नसती.

पुतण्याचा आणखी एक प्रश्न राहिलाय, २०२४ चा. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२ टक्के पडला, १९८७ नंतरचा सर्वांत मोठा उतार, आणि त्या दिवशी आपला सेन्सेक्सही २,२०० अंकांनी गेला. जपानच्या बँकेने व्याज किती वाढवलं होतं? पाव टक्क्यापर्यंत. पाव! त्याला ते पटेना. नारळाने समजावतो. समज, तू वाड्यावरून हजार नारळ उसने घेतलेस, व्याज जवळजवळ नाही, बोली एकच: परत द्यायचे ते नारळच. तू ते विकलेस आणि पैसे चांगल्या व्याजावर लावलेस. वर्षानुवर्षं नारळ स्वस्त होत गेला, तुझी चैन. मग एक चवथ अशी आली की नारळ पन्नाशीला टेकला (२०२५ च्या चवथीला मी ५० ला एक घेतला, पेड बांधताना हात थरथरत होता) आणि मालक म्हणतो, आणा. आता तू काय करशील? लावलेले पैसे काढशील, जे हाताला लागेल ते विकशील आणि नारळ घ्यायला धावशील. तू एकटा नाहीस, वाड्यावरचे शंभर जण धावतायत, म्हणून नारळ आणखी चढतो. येन म्हणजे तो नारळ. जुलैत डॉलरला १६० च्या वर येन मिळत होते, ५ ऑगस्टला १४२. तुझ्या म्युच्युअल फंडातली कंपनी त्या सकाळी आदल्या शुक्रवारी होती तशीच होती. विकणाऱ्याला नारळ हवे होते. दुसऱ्या दिवशी निक्केई १० टक्के वर आला.

मोरजीच्या मावसभावाचं दोन ओळींत. तो रशियन लोकांना खोल्या द्यायचा. २०१४ च्या जूनमध्ये तेल ११५ डॉलर होतं, जानेवारीपर्यंत ५० च्या खाली. रशिया जगतो तेलावर, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला ३३ असलेला रुबल डिसेंबरात ८० ला शिवून आला, तिथल्या बँकेने मध्यरात्री व्याज १७ टक्के केलं, आणि नाताळात मोरजीच्या खोल्या रिकाम्या. पेट्रोल स्वस्त झालं म्हणून आम्ही सगळे खुशीत होतो; तो एकटा तोंड पाडून बसला होता.

आणि मुलीचं घर. जानेवारी २०२२ मध्ये तिने आणि जावयाने पर्वरीला फ्लॅट घेतला, २० लाखांचं कर्ज, ६.८ टक्के, १८० हप्ते. त्याच वर्षी ४ मे रोजी अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, अर्धा टक्का आणि रिझर्व्ह बँकेने ०.४० टक्का व्याज वाढवलं, एकाच दिवशी. फेब्रुवारी २०२३ पर्यंत आपला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ४ वरून साडेसहा. हप्ता तेवढाच राहिला म्हणून पोरं निवांत. मी कागदावर मांडलं: पूर्ण २० लाखांवर अडीच टक्के जास्त व्याज धरून तोच हप्ता ठेवला तर १८० चे सुमारे २६७ होतात. सात वर्षं वाढली आणि घरात कोणाला आवाजसुद्धा आला नाही. बाजार पडला की मोबाइल वाजतो, मुदत वाढली की कोणी वाजवत नाही. २०२५ मध्ये रेपो साडेपाचवर उतरला, तेव्हा मी तिला सांगितलं, बँकेला हप्ता कमी करू नका म्हणून लिहून दे, मुदत कमी करा म्हण.

पुतण्याने एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं, बंद केलेलं नाही, मी करायलाही सांगितलं नाही. २०२५ मध्ये महिन्याला २८ हजार कोटींच्या आसपास रुपये देशभरातून अशा एसआयपींतून येत होते, परदेशी विकतात ते शेअर आपलीच पोरं उचलतात. एका दृष्टीने बरंय. पण ही सगळी पोरं एकाच फाटकातून आत गेलीत आणि ते फाटक बंद झालेलं त्यांनी अजून पाहिलेलं नाही, एवढी शंका माझ्या मनात आहे. त्याला सांगितलं ते इतकंच: पगार अमेरिकेला जाणाऱ्या गोळ्यांवर, पैसे औषध कंपन्यांच्या फंडात, असं दोन्ही नको. त्याने ॲप उघडून बघितलं. तसंच होतं. बदललं.

परवा तुळशीचं लग्न होतं. भाऊ वृंदावनाला ऊस बांधत होता, मी आवळ्याची आणि चिंचेची डहाळी धरून उभा. दिंड्याची काठी खोचता खोचता त्याने मागे न बघता विचारलं, "चिनाचो भाव कितें चल्ला रे?"

तेरा वर्षं झाली त्याची गाडी थांबून.

"शंभराच्या थोडा वर आहे," मी म्हटलं.

"बरो आसा मरे," तो म्हणाला, आणि सुतळी मागितली.